शांतवन, मी अजून विचारलं नव्हतं

शांतवन, काल कारखान्यात फिलिंगच्या खोलीत तुझ्या जागेवर नवा माणूस आला. तळेगावकडचा आहे, हात चांगला चालतो त्याचा. तोंडाला फडकं, डोक्याला टोपी आणि मधे फक्त डोळे, त्या खोलीत कुणाचंही दिसतं तेवढंच. चार तास मी समोर बघत होतो आणि दर वेळी हे डोळे तुझे नाहीत हे नव्यानं कळत होतं. तुला जाऊन काल तीन आठवडे झाले.

खडकीच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी तुझ्याबद्दल चार ओळी मागितल्या होत्या, त्या मी लिहून दिल्या. जन्म नगर जिल्ह्यातला, शिक्षण सातवीपर्यंत, नोकरी पिंपरीकडच्या औषधाच्या कारखान्यात, मागे पत्नी रूथ आणि दोन मुली. सगळं खरं आहे, पण त्या चार ओळींत तू कुठेच सापडत नाहीस. म्हणून हे वेगळे कागद घेऊन बसलोय.

तू आलास तेव्हा सगळ्यांच्या डोक्याला ताप होतास, हे आधी सांगून टाकतो. तुझ्याबद्दल गोड गोड लिहिलं तर तूच नाक मुरडशील. पहिल्याच दिवशी चहाच्या सुट्टीत तू पिशवीतून तुझ्या धर्माची पत्रकं काढलीस आणि एकेकाच्या हातात देत सुटलास. बीडच्या माणिकरावांनी त्याचा पुडा करून त्यात फुटाणे भरले. सगळे हसले. तूही हसलास आणि त्यांना दुसरं पत्रक देत म्हणालास, "त्याला तेल लागलं असेल, हा कोरा घ्या." आठवड्याभरात अशी गत झाली की तू लांबून दिसलास तरी माणसांना तहान लागायची आणि सगळे रांजणाकडे निघायचे. डबा तू एकटाच खायचास. तुला राग यायचा नाही, कोडं पडायचं. मला एकदा अगदी मनापासून विचारलंस, "बातमी चांगली आहे, मग लोक पळतात का?"

मला पळता येत नव्हतं, कारण तू आमचा भाडेकरू होतास. पिंपळे गुरवात तुला खोली कुणी देईना. गावानं विचारलं, मूळचे कोण तुम्ही, तर तू सरळ सांगितलंस, "मूळचे गावाबाहेरचे. आज्याच्या काळापासून ख्रिस्ती." एवढ्यावर दारं बंद झाली. मळ्यातली आमची अवजारांची खोली रिकामी होती, म्हणजे नांगर, कुळव, विळे-कुदळी सोडून रिकामी होती, ती आम्ही दिली. पहिले दोन महिने आई तुला पाणी द्यायची ती ओंजळीत वरून ओतून. आज ते लिहितानाही मान खाली जाते. तू ओंजळ धरायचास, पोटभर प्यायचास आणि म्हणायचास, "आई, तुमच्या विहिरीचं पाणी गोड आहे." आई आत जायची.

कामाला आपण बरोबरच निघायचो. पवनेच्या उतारावर सायकली खांद्यावर घेऊन पाण्यातून जायचं, पलीकडे चढलं की मुंबईचा रस्ता. नदीपासून गेटापर्यंत तू मला तुझ्या प्रभूबद्दल सांगायचास. येताना राहिलेलं सांगायचास. महिनाभर मी ऐकून घेतलं आणि एका सकाळी नदी ओलांडून वर आल्यावर सायकल रस्त्याकडेला उभी केली.

"हे बघ शांतवन," मी म्हणालो, "तू माणूस चांगला आहेस. पण तुझ्याबरोबर सायकल चालवायची म्हणजे कोंडल्यासारखं होतं. माझ्याशी कांद्याचं बोल, तुझ्या पोरींचं बोल, संयुक्त महाराष्ट्राच्या सभेचं बोल. तुझ्या प्रभूचं मात्र मी विचारीन तेव्हाच."

तू तुझी सायकल माझ्या सायकलीला टेकवलीस. मग विचारलंस, "आणि विचारलंच नाहीस तर?"

"तर नाही."

"प्रार्थना केली तर चालेल? ते तुझ्याशी बोलणं नव्हे."

"ती कर की. मला ऐकू आली नाही म्हणजे झालं."

"बरं," तू म्हणालास. "पण ज्या दिवशी विचारशील, त्या दिवशी मला अर्ध्यावर थांबवायचं नाही."

मी हो म्हटलं. मला वाटलं होतं, आठ दिवसांत विसरेल. सहा वर्षं झाली त्याला. सहा वर्षं रोज दोन वेळा आपण तो रस्ता तुडवला आणि तुझ्या तोंडून मी तुझ्या प्रभूचं नाव एकदाही ऐकलं नाही. वाटेतल्या गाडीवानाशी बोलायचास, नावाड्याशी बोलायचास, एकदा तर दारू प्यालेल्या माणसाला धरून बांधावर बसलास आणि दोघंही रडलात. मग मी जवळ आलो की तुझा विषय बदलायचा. माझ्यामुळे तू आणखी एक शिकलास. कुणाशीही ते बोलणं काढायच्या आधी तू विचारायला लागलास, "बोलू का?" समोरचा नको म्हणाला तर तितक्याच आनंदानं कांद्याच्या रोपाचं बोलायचास. हळूहळू माणसांची तहान कमी झाली. डबे तुझ्याभोवती उघडायला लागले.

फिलिंगच्या खोलीत तर बोलायचीच बंदी. इंजेक्शनच्या बाटल्या भरायच्या, माणसाच्या श्वासाचासुद्धा त्यांना धोका. बाहेरचा कपडा नको, अंगठी नको, शब्द नको. तुझ्यासारख्या बोलघेवड्याला साहेबांनी नेमकं तिथं बसवलं, तेही माझ्यासमोर. दुसऱ्याच दिवशी तुझ्या तोंडावरचं फडकं हलताना सुपरवायझर साहेबांनी पाहिलं आणि तुला बाहेर बोलावलं.

"खोलीत बोलत होतास?"

"नाही साहेब, प्रार्थना करत होतो."

"ती तोंड मिटून होत नाही?"

तू विचारात पडलास. "कधी करून पाहिली नाही साहेब. बघतो."

आम्ही पोट धरून हसलो होतो. पण नंतर रोज समोर बसून मी ती शिकवणी पाहिली. फडकं हलायचं थांबलं आणि सगळं तुझ्या डोळ्यांत आणि हातांत उतरलं. एकेक बाटली तू अशी ठेवायचास की जणू ती ज्याला टोचली जाणार आहे तो माणूस तिथंच आडवा झालेला आहे. मी कामावरून घरी आलो की आईला सांगायचो, आज शांतवनानं चारशे माणसं झोपवली. ती म्हणायची, "येडा हाय का त्यो?" आणि पुढच्या वेळी तुला पाणी द्यायला तिनं पेला आणला.

मग ती पहिली खंडेनवमी. हे मला लिहायलाच हवं.

त्या सकाळी अवजारं अंगणात काढायची होती. तुझ्याच खोलीतली ती, म्हणून नांगर तू उचललास. घासलास, धुतलास, फाळाचा गंज काढलास आणि आई हळद-कुंकवाचं ताट घेऊन आली तसा बाजूला जाऊन लिंबाखाली उभा राहिलास. "धुणं माझं, पुजणं तुमचं," असं म्हणालास. इथवर मला काही वाटलं नाही. पूजा झाल्यावर मी नारळाचा तुकडा घेऊन तुझ्याकडे आलो. तू हात जोडलेस. "रागावू नकोस," म्हणालास, "हे मला घेता येत नाही."

मी रागावलो. तुझ्यासाठी गावाशी भांडलो होतो, आणि माझ्या हातचा खोबऱ्याचा तुकडा तुला चालत नाही. "आमचा देव बाटवतो का तुला?" असं मी म्हणालो, आठवतं? तू उत्तर दिलं नाहीस. देता आलं नसतं, कारण ते उत्तर प्रभूशिवाय देता येणार नव्हतं आणि मी तर तुझं तोंड आधीच बंद करून ठेवलं होतं. हे मला पुष्कळ पुढं कळलं.

रागारागात मी हळद-कुंकवाची पुडी खिशात घातली. कारखान्यात इतरांनी रीतीप्रमाणे गेटाजवळच्या यंत्रांना हार घातले, नारळ फोडले. मी ती पुडी लपवून फिलिंगच्या खोलीत नेली, आणि तुझ्या डोळ्यांत बघत, मुद्दाम बघत, भरायच्या मशिनला दोन बोटं ओढली. देवभक्ती त्यात चिमूटभरही नव्हती, सगळी तुझी खोड मोडायची हौस. तुझे डोळे मोठे झाले. बोलायची बंदी होती.

दसऱ्याच्या सुट्टीनंतर दिव्यासमोर धरलेल्या बाटल्यांत पिवळे कण निघाले. नवमीला भरलेल्या सगळ्या बाटल्या फेकाव्या लागल्या. साहेबांनी आम्हा सहाजणांना रांगेत उभं केलं आणि ते थेट तुझ्याकडे वळले.

"शांतवन, हळद लावणाऱ्यांतला तू नाहीस. तू सांग, कुणी केलं?"

"मला माहीत आहे साहेब," तू म्हणालास. "पण मी सांगणार नाही. ज्यानं केलं तो सांगेल."

"तो सांगेपर्यंत तू बाटल्या धुवायला जा."

मी तुझ्या शेजारी उभा होतो, शांतवन. खांद्याला खांदा लागत होता. मी जमिनीकडे बघत राहिलो.

तीन दिवस तू वाफेत उभं राहून बाटल्या धुतल्यास. तीन दिवस माझ्याबरोबर सायकलवर आलास-गेलास आणि धाकटीचा दात पडला त्याचं कौतुक सांगत राहिलास. दुसऱ्या दिवशी मलाच राहवेना. नदीत, पाणी पोटऱ्यांना लागत असताना, मी विचारलं, "माहीत नाही म्हणाला असतास तर सुटला असतास. का नाही म्हणालास?"

"ते मला येत नाही," तू म्हणालास. पोहता येत नाही म्हणावं तसं.

"मग माझं नाव तरी सांगायचंस."

"मी सांगितलं तर तुझी नोकरी जाईल. तू सांगितलंस तर कदाचित राहील. म्हणून थांबलोय."

चौथ्या दिवशी मी साहेबांसमोर उभं राहून सगळं सांगितलं. त्यांच्या स्वतःच्या सायकलला नवमीचा झेंडू अजून लटकत होता. "पूजा गेटावर करायची असते बाबा," ते म्हणाले. "इथलं माणसाच्या रक्तात जातं." नोकरी राहिली. मलाही वर्षभर बाटल्या धुवायला पाठवलं. तुला लगेच खोलीत परत बोलावलं होतं, पण तू म्हणालास, याला काम शिकवायला कुणीतरी हवं, मी राहतो. लबाडा, बाटल्या धुवायला काय शिकवायचं असतं? त्या एका वाक्यापुरतं तरी तू खोटं बोललास असं मी तुला कितीदा चिडवलं, आणि दर वेळी तू गंभीर होऊन सांगायचास की पहिल्या आठवड्यात मी अकरा बाटल्या फोडल्या होत्या.

धुलाईत बोलायला बंदी नव्हती. माणसं आपणहून तुझ्याकडे यायला लागली ती तिथंच. पत्रकाचा पुडा करणारे माणिकराव एका दुपारी आले, बायको बाळंतपणात अडली होती, गाव लांब, पत्र यायचं होतं. "शांतवनभाऊ, तुमचं ते काय असतं ते करा," म्हणाले. तू विचारलंस, "बोलू का?" ते म्हणाले, "बोला की, त्यासाठीच आलोय." मी दहा हातांवर होतो. कान टवकारले. तुझ्या ते ध्यानात आलं आणि तू आवाज खाली आणलास, इतका खाली की वाफेपलीकडे माझ्यापर्यंत काही पोचू नये. कराराला इतका पक्का माणूस मी पाहिला नाही. माणिकराव डोळे पुसत निघून गेले आणि मला त्यांचा हेवा वाटला. मी तेव्हा विचारू शकलो असतो. ताठा आडवा आला.

पुढची खंडेनवमी आली तेव्हा मला आदल्या दिवसापासूनच धास्ती होती. तू नांगर घासलास, लिंबाखाली जाऊन उभा राहिलास. आई ताट घेऊन आली, पण पूजेला न बसता आधी तुझ्याकडे गेली. तिच्या दुसऱ्या हातात वाटी होती, तिच्यात खोबरं आणि गूळ.

"ह्यो तुजा वाटा," ती म्हणाली. "अजून द्येवाला दावला न्हाई. आदीच काडून ठिवलाय. खा."

मी म्हणालो, "आई, देवाच्या आधी?"

"द्येव काय उपाशी हाय व्हय? ह्यो सकाळधरनं नांगर घासतूय." मग तुझ्याकडे बघून म्हणाली, "खा लेकरा. द्येवाचं मी बघती."

माझ्या आईनं जन्मात देवाला दाखवल्याशिवाय पोटच्या पोरांना घास दिला नव्हता. वरून पाणी ओतणारी ती हीच. तू ती वाटी दोन्ही हातांत घेतलीस, डोळे मिटलेस, तोंड मिटलेलंच ठेवलंस, आणि मग खाल्लंस. गालांवरून पाणी वाहत होतं. तुझा देव तू सोडला नाहीस, तिचा तिनं सोडला नाही, आणि त्या अंगणात मला पहिल्यांदा वाटलं की मी कुठल्यातरी फार मोठ्या गोष्टीसमोर उभा आहे आणि मला टोपी काढता येत नाहीये. पुढं दर वर्षी ती वाटी निघायची. आई होती तोवर.

आई गेली त्याला दोन वर्षं झाली. तू डेपोतून चितेची लाकडं सायकलवर बांधून तीन खेपांत आणलीस. गावातल्यांनी वाकडं बघितलं, तू तिरडीमागून चाललास. दहावा होईपर्यंत येणारा प्रत्येक माणूस मला म्हणत होता, देवाघरी गेली, सोनं झालं, सुटली. ते म्हणायला सोपं असतं, ऐकायला बरं वाटतं. तू रोज संध्याकाळी येऊन माझ्याजवळ बसलास, माझा हात धरलास आणि यातलं एकही वाक्य बोलला नाहीस.

मला ते लागलं. आणि मग भीती वाटायला लागली. मला माहीत होतं की तुला खोटं येत नाही. तुझ्या शास्त्रात माझ्या आईसारख्यांचं पुढं काय होतं ते तुला ठाऊक असणार, म्हणून तू गप्प आहेस, असं मी मनाशी धरलं. त्या दिवसापासून मला तुला एकच प्रश्न विचारायचा होता आणि तो विचारायची छाती नव्हती. तू वाईट उत्तर दिलं असतंस तर मी तुझं तोंड पुन्हा पाहिलं नसतं. तू चांगलं दिलं असतंस तर मला वाटलं असतं, माझ्यासाठी हा पहिल्यांदा खोटं बोलला. दोन्हीकडून मी तुला गमावणार होतो. म्हणून सायकल चालवत राहिलो आणि कांद्याचं बोलत राहिलो. कित्येकदा तू मधेच माझ्याकडे बघायचास, वाट बघितल्यासारखं. मी पायडल जोरात मारायचो.

शेवटचं तुझ्या खोलीत आलो तेव्हा काविळीनं तुझे डोळे पिवळे झाले होते. रूथवहिनी उशाशी बसल्या होत्या. मी म्हणालो, "सलाम शांतवन." तुमच्याकडचा नमस्कार तो, मी कधी केला नव्हता. तू हसलास.

"काही विचारायचंय?" तू म्हणालास. आवाज अगदी बारीक होता, धुलाईत माणिकरावांशी बोललास तेवढा.

तोंडाशी आलं होतं, शांतवन. शप्पथ सांगतो. पण तुला दम लागत होता आणि मी भ्यालो, आणि दम लागतोय हे निमित्त मला पुरलं. "उद्या विचारतो," म्हणालो. "आज पड तू."

"बरं," तू म्हणालास. सहा वर्षांपूर्वी रस्त्याकडेला म्हणाला होतास तसंच.

दुसऱ्या दिवशी मी खडकीच्या कबरस्थानात उभा होतो. पाळकसाहेबांनी सगळ्यांना मूठभर माती टाकायला सांगितली. माणिकरावांनी टाकली, साहेबांनी टाकली, नावाड्यानं टाकली. माझी मूठ बराच वेळ उघडली नाही.

इथं रूथवहिनी आणि मुली अजून आमच्याच खोलीत आहेत, राहतील. काल मी पेटीतून आईची ती वाटी काढून त्यांना दिली. परवा खंडेनवमी आहे. नांगर आता मी घासीन. तुझ्याइतका लखलखीत होणार नाही.

आता माझ्यापाशी कुठलं निमित्त उरलं नाही. तुझी अट होती, मी विचारायला हवं. मग हे विचारतो, आणि जे असेल ते ऐकतो. माझी आई तिथं आहे का? तुला भेटली का? सावकाश सांग, शांतवन. या वेळी मी अर्ध्यावर थांबवणार नाही.